जपून ठेवलेले मंत्र

सिंदी मेघेत काजलच्या घरी दर रविवारी चौघं मित्र फासे टाकून राक्षसांच्या राज्याचा खेळ खेळत. गोष्ट काजल सांगायची. खेळातले सारे राक्षस तिच्याच तोंडून बोलायचे. कुंदन जादूगार झाला होता. त्याला मोजकेच मंत्र मिळाले होते, आणि कवडीचुंबकाने तूप जपावं तसे त्याने ते जपले होते.

लांडग्यांनी योद्ध्याला घेरलं, तेव्हा योद्धा झालेला अंकित ओरडला, "अबे, एखादा मंत्र टाक ना!"

"काऊन टाकू? मोठ्या राक्षसासाठी राखून राह्यलो मी," कुंदन तुच्छतेने म्हणाला. योद्धा मेला.

पुढे विषारी दरीत सोनमच्या वैद्यिणीने आपलं शेवटचं औषध कुंदनला पाजलं आणि ती स्वतः कोसळली.

"उधळपट्टी केली का असंच होते," कुंदनने तिलाच सुनावलं.

अखेर राक्षसाच्या दालनात तो एकटाच पोहोचला. एकही मंत्र खर्च न झाल्याच्या तोऱ्यात त्याने हात उगारला.

काजल राक्षसाच्या आवाजात म्हणाली,



"राहू दे भाऊ, ये, बस. माह्यं सारं काम त तूच करून आला."