सुकरीच्या झाडाखाली

“खराटा खाली ठेव,” जमादार म्हणाला. “पंचनामा होईपर्यंत इथलं पान हलवायचं नाई.”

गिरजानं खराटा खाली ठेवला. चार दिवसांची मोहफुलं झाडाखाली पडून वाळली होती आणि तिचा जीव त्यांच्यात अडकला होता. तिची माय, सुकरी, जिवंत असती तर तिनं या पसाऱ्यावरून सगळ्या गावाला फैलावर घेतलं असतं. चैत्र लागला की माय ही जमीन अंगणासारखी झाडून काढायची, बुंध्यापासून बाहेर, गोल गोल. जंगलखात्याचा गार्ड आला तरी त्याला जोडे बाहेर काढायला लावायची. खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तीत गिरजाला निजवायची आणि बायकांना हसून सांगायची, “माही पोर दुधाच्या आधी मोह प्याली.” किती सुखाचे दिवस होते ते! मोहाच्या त्या वासात गिरजाला कधी भीती वाटली नव्हती.

चार दिवसांपूर्वी सकाळी ती फुलं वेचायला आली, तेव्हा लाकडाच्या ठेकेदाराच्या मुन्शीनं तिला इथंच गाठून तिच्यावर जबरदस्ती केली. त्याच दिवशी तिनं पायी ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. जमादार मात्र आज उगवला होता, सायकल रेटत.

“एकटी काऊन आली होती?” त्यानं विचारलं.

“मायचं झाड हाये. कोणाले इचारून येऊ?”

जमादार खाली वाकला. त्यानं वाळक्या फुलांतून हिरव्या बांगडीचे तुकडे वेचले, कागदात बांधले, वर लाख लावली. मग मांडीवर कागद घेऊन जागेच्या चारी बाजू लिहायला बसला. पूर्वेला बोडी, तिच्यात गुडघाभर पाणी. पश्चिमेला गाडीवाट.

“अन् हे झाड? कोणतं म्हणून लिवू?”

पंच म्हणून आलेले गुणवंतराव लगबगीनं पुढं झाले. गावची मालगुजारी गेली होती, जमीनदाराचा रुबाब तेवढा शिल्लक होता. ठेकेदार गावात आला की यांच्याच घरी उतरायचा. “एक मोहाचं झाड, इतकंच लिवा. सुकरीचं नाव कायले? मेलेल्या बाईची अब्रू कागदावर कायले आणता?”

“मंग मुन्शीचा वकील म्हणन, जंगलात मोहाची झाडं ढिगानं, बाईले जागाच माईत नाई. सुटून जाईन तो.” जमादारानं गिरजाकडं पाहिलं. “तू सांग बाई. नाव लिवलं तर चांद्याच्या कोर्टात ते सगळ्यायपुढं वाचतीन.”

गिरजानं वर पाहिलं. खालच्या फांदीवर झोळीच्या दोरीचा वळ अजून होता. गावातली पोरं ‘सुकरीच्या झाडाखाली’ भेटायचं ठरवायची, वाटसरूला वाट सांगायची तीही याच झाडावरून. आता हे नाव घेताना कोणी मान खाली घालील, कोणी गालात हसेल. माय पुन्हा एकदा मरतेय असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

“लिवा,” ती म्हणाली. “सुकरीचं झाड. पुरं नाव लिवा.”

जमादारानं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. गुणवंतरावांनी तोंड वाकडं करत सही केली. गिरजानं अंगठा उमटवला आणि बोटाची शाई लुगड्याला पुसली.

“झालं का भाऊ?”

“झालं.”

तिनं खराटा उचलला आणि बुंध्यापासून झाडायला सुरुवात केली, बाहेर बाहेर, गोल गोल. जमादार आपणहून बाजूला झाला. गुणवंतरावांच्या पायांपाशी येऊन खराटा थांबला.

“सरका,” गिरजा म्हणाली. “माय इथी जोडे घालून कोणाले येऊ देत नव्हती.”