घरची बातमी, पुढचा कार्यक्रम

या, असे जवळ सरका. गोष्ट लहान आहे, पण भीतीची आहे, आणि भीतीची गोष्ट लांबून ऐकली की नुसती करमणूक होते.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा घास हातातच राहिला. समोर त्याची तिसरीतली लेक जेवत होती. ती म्हणाली, "बाबा, उद्या माझा नंबर."

कसला नंबर, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याचं दुकान शाळेच्या समोरच होतं. रोज सकाळी प्रार्थना झाली की एक मूल भोंग्यावर दोन गोष्टी सांगायचं. आधी घरची बातमी, मग घरातला पुढचा कार्यक्रम. मोठ्या बाईंची अट एकच, खरं सांगायचं. पोरं ती अट जरा जास्तच पाळत. "आमच्या आजोबांची कवळी हरवली. पुढचा कार्यक्रम, शोधाशोध." "मामाची नोकरी गेली. पुढचा कार्यक्रम, मामा आमच्याकडेच राहणार." सगळी गल्ली हातातलं काम सोडून ऐकायची आणि पोट धरून हसायची. तोही हसायचा. भोंगा त्यानेच फुकट बसवून दिला होता, तोंड मुद्दाम रस्त्याकडे करून. गल्लीत त्याचं नाव होतं. गोड बोलणारा, अडल्यानडल्याला धावून जाणारा माणूस.

घरात मात्र तो कधी कधी रेडिओ मोठा करायचा. रेडिओ मोठा झाला की लेक उशी घेऊन टेबलाखाली जायची. शेजाऱ्यांना गाणी ऐकू जायची, बाकीचं काही नाही. बायको भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची.

"मग काय सांगणार उद्या?" त्याने विचारलं.

"आधी सांगायचं नसतं. बाई म्हणतात, बातमी शिळी होते."

"मांजरीला पिल्लं झाली, ते सांग की."

"ती शेजारच्या काकूंची मांजर. त्यांची बातमी आपण कशी सांगायची?"

बायको भाजी वाढत होती. थोडी भाजी ताटाबाहेर सांडली. ती जागच्या जागी थिजली. लेकीने टेबलाखाली नजर टाकली. पण तो घाईघाईने म्हणाला, "असू दे, असू दे. मी पुसतो." आणि त्याने खरंच पुसलं. मग म्हणाला, "तूही बस ना आमच्याबरोबर." एरवी ती सगळ्यांचं आटपल्यावर ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलायची. आज ती अंग चोरून बसली. भाजीत मीठ कमी होतं. तरी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. लेक हे सगळं बघत होती. पोरांचे डोळे म्हणजे टिपकागद.

सकाळी दुकान उघडून त्याने रेडिओ लावला. त्याने डोळे मिटून हात जोडले. "देवा, तिला नुसता खोकला येऊ दे. नाहीतर घसाच बसू दे." बघा, माणूस देवाच्या दारात जातो आणि मागतो काय! घसा बसावा लेकीचा, अब्रू राहावी बापाची.

तेवढ्यात बेकरीवाला पावाची टोपली घेऊन दुकानात शिरला. "काय मिस्तरी, आज तुमच्या घरची बातमी म्हणे! बंद करा तो रेडिओ, ऐकू द्या आम्हाला." आणि त्याने स्वतःच बटण फिरवलं.

रस्ता गप्प झाला. दारादारांत माणसं येऊन उभी राहिली, हसायच्या तयारीनेच. बायको लेकीला सोडून शाळेच्या फाटकाशीच थांबली होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

भोंगा खरखरला.

"आमच्या घरची बातमी," लेकीचा स्वच्छ आवाज आला. मग ती थांबली. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"काल माझे बाबा घाबरले होते. का, ते मला माहीत नाही. पण ते घाबरले होते म्हणून आई आमच्याबरोबर बसून जेवली. पोटभर जेवली. मग मला कुशीत घेऊन गाढ झोपली. आई झोपल्यावर कशी दिसते, ते मी पहिल्यांदाच बघितलं."

कुणी हसलं नाही. बेकरीवाल्याने टोपली उचलली आणि त्याच्याकडे न बघता तो बाहेर पडला.

"पुढचा कार्यक्रम," भोंग्यातून आलं, "अजून ठरलेला नाही. बाबांना विचारून सांगते."

मायबाप हो, पुढचं मलाही ठाऊक नाही. मागणं एवढंच आहे. आज अंथरुणाला पाठ टेकाल, डोळे आपोआप जड होतील, तेव्हा मिटण्याआधी त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.