घरघर

बाईंचा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा तिथे नव्या फोनची चिरफाड चालली होती. कंपनीने फोन आणखी पातळ केल्याची बातमी होती. "पुढच्या वर्षी फोन देणारच नाहीत, नुसता खोका देतील," असं कोणीतरी लिहिलं. "आणि लोक खोक्यासाठीही रांग लावतील," हे कावळ्याचं. ग्रुपवर सगळेच टोपणनावाने वावरत; कावळा म्हणजे एका विमा कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणारा पस्तिशीचा गृहस्थ. ऑफिसात त्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. ग्रुपवर मात्र त्याच्या एकेका टोमण्याला लोक गडाबडा लोळत.

तेवढ्यात भांडारीच्या नावाने मजकूर आला. भांडारी हा ग्रुपचा पोशिंदा. जुने सिनेमे, गाणी, कुठेच न मिळणारी पुस्तकं, सगळं त्याच्या घरी रात्रंदिवस चालणाऱ्या कॉम्प्युटरवर होतं, आणि जो तो तिथून फुकटात उतरवून घेई.

"नमस्कार. मी यांची बायको. हे मंगळवारी गेले. यांचं मशीन सारखं घरघरतंय. घर लहान आहे, झोप लागत नाही. ते बंद कसं करायचं, कोणी सांगेल का?"

"गेले म्हणजे? ऑफलाइन?" पहिलं उत्तर आलं.

"भांडारी, उतरली की बोल."

खरंच गेला हे पटल्यावर फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं धडाधड पडली. मग एकाने लिहिलं, "काकू, माझं थोडंच राहिलंय. तेवढं उतरेपर्यंत बंद नका करू, प्लीज." त्याखाली "माझंही", "माझंही" अशी रांग लागली.

बाईंनी घरचा पत्ता सगळ्यांसमोर टाकला. असं करायचं नसतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पत्ता कावळ्याच्याच शहरातला निघाला. बाकीच्यांनी त्याला आडून कळवलं, "बंद करायला म्हणून जा. आधी सगळं उतरवून घे."

रविवारी सकाळी तो पिशवीत कोरी डिस्क घेऊन गेला. दार बाईंनीच उघडलं. "मी ग्रुपमधला," त्याने सांगितलं. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

दोनच खोल्या. आतल्या खोलीत पलंगाच्या उशाशी मशीन होतं, त्याच्या पंख्याचा आवाज भिंतीतून येतोय असं वाटत होतं. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली. तो खाली बसला, डिस्क जोडली आणि पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली.

"झालं बंद?" बाईंनी विचारलं.

"असं एकदम बंद करता येत नाही, काकू. सिस्टीम बिघडते."

"बिघडून आता कोणाचं काय अडणारे?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

"एवढं आहे तरी काय त्यात?"

"तुम्हाला कल्पना नाही, काकू. काकांनी केवढं काम करून ठेवलंय! लांब लांब देशांतले लोक इथून घेतात. आमच्यासाठी देवमाणूस होते ते."

"तुम्ही मित्र त्यांचे?"

"दहा वर्षं झाली असतील."

"मग नाव काय यांचं?"

त्याने तोंड उघडलं. "भां..." एवढंच बाहेर आलं. बाई उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. एखाद्या लबाड पोराला उभं करून ठेवावं, तशा.

"हॉस्पिटलात आहे म्हणून यांनी कळवलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "कोणाचं काही अडकलं तर दोन दिवस दम धरा म्हणून. त्यावर तुमच्यातल्याच कोणीतरी लिहिलं, नर्सचा फोटो टाक."

कावळ्याने नजर पडद्यावरून हलवली नाही. तो टोमणा त्याचाच होता. त्या दिवशी फार गाजला होता.

"हसले हे. टाके दुखेपर्यंत हसले. मला म्हणाले, बघ, कशी माणसं जोडलीत मी." बाईंनी खोलीभर एकवार पाहिलं, मग त्याच्याकडे. "अजून किती वेळ?"

"दोन दिवस मशीन असंच राहू द्या, काकू. फक्त दोन दिवस. मग मी स्वतः येऊन..."

"हेही दोन दिवसांत घरी यायचे होते," बाई म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, भिंतीतला प्लग धरला आणि ओढला.

पडदा काळा झाला. आवाज थांबला. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, ते पाणी ऐकू येऊ लागलं.

"अहो, अर्धंसुद्धा झालं नव्हतं!" तो ओरडलाच.

"तुमची डिस्क घ्या," बाई म्हणाल्या.

जिन्याच्या पहिल्या वळणावर ग्रुपवरच्या निरोपांनी फोन थरथरायला लागला. बंद कसं पडलं? कावळ्या, काय दिवे लावलेस? त्याने उभ्या उभ्या लिहिलं, "काकूंनी प्लग काढला." मग कोणीतरी लिहिलं, "काकांचाही त्यांनीच काढला असेल."

त्याला हसू फुटलं. आवरायच्या आत, मोठ्याने फुटलं आणि रिकाम्या जिन्यात वरपर्यंत घुमलं.

त्याने वर पाहिलं. कठड्याशी बाई उभ्या होत्या. हातात त्याचं हेल्मेट होतं, ते तो घरातच विसरला होता. त्या चार पायऱ्या खाली आल्या आणि हेल्मेट त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवलं.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.