आधी कोणाला दिसलं?

"अस्वल," तुकूमेक म्हणाली.

इलांगुआकने स्लेज थांबवली नाही. मान वळवून त्याने मागे बसलेल्या सासूला जीभ काढून दाखवली. तीन वर्षं तो हेच करत आला होता. मोतीबिंदूमुळे म्हातारीला काही दिसत नव्हतं, म्हणून तर घरात एवढी शांतता होती.

डेन्मार्कहून वर्षातून एकदा येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला नेणं त्याच्याच गळ्यात पडलं होतं. बर्फावरून दोन दिवसांची वाट. मागे सासू आणि अंगात बापाची, टक्कल पडलेली अस्वलाची विजार. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी स्वतःच्या अस्वलाची विजार, म्हणजे खऱ्या शिकाऱ्याची खूण, काही नशिबी नव्हती. गावातले शिकारी त्याच्याकडे बघून फार आदराने हसायचे.

"डावीकडे. त्या हिमनगाच्या पायथ्याशी."

"हो आई. आणि शेजारी सील चहा पितोय."

एवढ्यात वारा फिरला, अस्वलाचा वास आला आणि स्लेज ओढणारी तेराही कुत्री डावीकडे उधळली.

अस्वल एका गोळीत पडलं. डॉक्टर राहिला बाजूला. मांस आणि कातडं लादून स्लेज घराकडे वळली. इलांगुआक मात्र वाटभर मागे वळून कातड्याकडे बघत होता. आमच्याकडे ग्रीनलंडात कायदा सोपा आहे. अस्वल ज्याला आधी दिसलं, कातडं त्याचं. गोळी घालणारा म्हणजे हमाल.

गाव जमलं. त्याची बायको आवियाक हातातलं शिवण तसंच घेऊन धावत आली.

"आधी कोणाला दिसलं?" कोणीतरी विचारलं.

"मला," तुकूमेक म्हणाली.

"आंधळ्या बाईला अस्वल दिसतं होय?" इलांगुआक ओरडला. "मग मी हिला डॉक्टरकडे कशाला नेत होतो?"

मुद्दा बिनतोड होता. माना डोलू लागल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच गाव त्याच्या बाजूने होतं, आणि त्याला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

तुकूमेकने मुलीच्या हातातून सुई घेतली आणि एका फटक्यात दोरा ओवला. आवियाक बघतच राहिली. तीन वर्षं आईच्या वाटची कातडीसुद्धा तीच दातांनी चावून मऊ करत होती.

"नाहीतरी त्या डॉक्टरने मला पकडलंच असतं," म्हातारी म्हणाली. "या जावईबापू, सरळ उभे राहा, विजारीचं माप घेते. आणि यापुढे ती जीभ आत ठेवा. तीन वर्षं बघतेय."