एक दाणाही नको

नानासाहेबांची काळी घोडी नुसता वारा प्यायली तरी अंग धरायची. गाडाशर्यतीत बैलांपुढं उधळणारी ती, आता अंग सुटून खूर आतून सुजल्यानं पाय टेकवताना थरथरायची. जनावरांच्या डॉक्टर राजमान्यांनी खाद्याच्या चार पिशव्यांवरचं बारीक अक्षर वाचून एक बॅलन्सर, म्हणजे अंग न वाढवणारं जीवनसत्त्वांचं खाद्य, निवडून दिला. धान्याऐवजी रोज एवढाच, वाटीभर. "आणि हरभरा बंद, नाना. एक दाणा गेला तरी पायांचं काही खरं नाही."

पण दर शनिवारी वाकडच्या टॉवरांतून माणसं यायची. साडेसाती टळावी म्हणून काळ्या घोडीला भिजवलेले हरभरे चारायचे असत. नानासाहेबांनी फाटकाला कुलूप ठोकलं. कुणी हात जोडले, कुणी रडलं. ते बधले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी फाटकाशी डॉक्टरच उभे, हातात स्टीलचा डबा.

"घोडी तपासाया आलाय व्हय?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पोरगी व्हेंटिलेटरवर आहे, नाना. एकवीसच दाणे आहेत. मोजून आणलेत."

नानासाहेबांनी कुलूप काढलं. घोडीपुढं ओंजळ धरता धरता डॉक्टरांनीच विचारलं, "नाना, एवढ्यानं घोडीला काही होत नाही ना?"