हवेवर चालणारी बंदूक

बंदुकीच्या पोटातली स्प्रिंग एकदाची सुटली आणि टेबलाखाली उडाली. धाकट्याने चिमट्याने ती हुडकून काढली आणि खिशात टाकली. बंदूक खेळण्यातलीच, प्लास्टिकचे पांढरे छर्रे उडवणारी. पण प्रत्येक वेळी स्प्रिंग ओढायला खांद्यात जोर लागायचा, आणि दादाच्या खांद्याने अलीकडेच राजीनामा दिला होता.

दादाने उभी हयात बँकेच्या दारात बंदूक घेऊन काढली आणि एकदाही ती झाडली नाही. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी थट्टेने ही खेळण्यातली त्याच्या हातात ठेवली. आता तरी चालवा म्हणाले. बँकेतली खरंच भरलेली असायची का हो, असं गल्लीतले टवाळ अजून विचारत. दादाचं उत्तर ठरलेलं होतं.

"बंदूक भरलेली लागत नाही. समोरच्याला भरलेली वाटली की भागतं."

रोज संध्याकाळी परसातल्या फळीवर एक रिकामा डबा ठेवायचा, दादाने तो पाडायचा, धाकट्याने पुन्हा ठेवायचा, असा दोघा भावांचा शिरस्ता होता. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकट्याने लग्नच केलं नव्हतं. घरात भांडायला दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

मग दादाला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दादाची मुलगी फोनवर फोन करू लागली, बाबा, माझ्याकडे या. दादा तिला ना हो म्हणे, ना नाही. पण एका संध्याकाळी डबा काही केल्या पडला नाही, तेव्हा तो खुर्चीतूनच म्हणाला, "रविवारपर्यंत बघतो. तेव्हाही डबा पडला नाही, तर जातो पोरीकडे. उगाच तुझ्या गळ्यात धोंड कशाला?"

"बघू," धाकटा म्हणाला. दादाशिवाय तो आयुष्यात कधी राहिला नव्हता. एकट्यापुरता चहा टाकायच्या कल्पनेनेच त्याला भीती वाटत होती, आणि ते दादाला सांगायची त्याची छाती नव्हती.

त्याचा धंदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करण्याचा. हवेच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह यांतच त्याचे केस पिकले होते. स्प्रिंगच्या जागी त्याने एक व्हॉल्व्ह बसवला, घोडा दाबला की उघडणारा. मुठीतून नळी बाहेर काढून ती छोट्या कॉम्प्रेसरला जोडली आणि दाब बेताचा ठेवला. आता बोटाने काम होणार होतं, खांद्याला तोशीस नव्हती.

पण नळी त्याने हवी होती त्याच्या दुप्पट आणली होती. दुपारी दादा आडवा झाल्यावर त्याने तिला मध्येच एक फाटा काढला, तो कुंड्यांमागून फळीखाली नेला आणि डबा ठेवायच्या जागी फळीला बारीक भोक पाडलं. दाताच्या खुर्चीचा पायाने दाबायचा व्हॉल्व्ह आपल्या स्टुलाखाली ठेवला. पाय दाबला. डबा उडून भिंतीवर आपटला.

रविवारी दादा आपल्या खुर्चीत बसला. धाकट्याने छर्ऱ्यांची नवी बाटली पुढे केली आणि भरून देऊ का म्हणून विचारलं.

"आण इकडे. पहारेकऱ्याची बंदूक दुसऱ्याने भरायची नसते."

दादाने बाटली कानाशी खुळखुळवली. मग पाठ फिरवून तो मांडीवर बराच वेळ खुडबुडत राहिला. धाकटा जाऊन आपल्या स्टुलावर बसला.

"कुठे आहेस तू?" दादाने विचारलं.

"इथे, तुझ्या उजवीकडे."

"तिथेच बस. हलू नकोस."

फट् आवाज झाला, धाकट्याने पाय दाबला, डबा खणखणत खाली गेला. दादाने डबा पुन्हा ठेवायला लावला आणि पुन्हा झाडली. डबा पुन्हा पडला. मग त्याने बंदूक मांडीवर ठेवली आणि धाकट्याच्या दिशेने तोंड फिरवलं.

"चांगलं काम केलंस," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने मुलीला फोन करून कळवलं, की इतक्यात यायचं काही जमत नाही, अजून नेम शाबूत आहे.

दिवस जाऊ लागले. नजर गेलेल्या भावाच्या डोळ्यांत आपण धूळ फेकतो आहोत, याचं धाकट्याला वाईट वाटे. पण चहा दोन कपांचा होत होता, म्हणून तो मनाला गप्प बसवी. एकदा त्याचा पाय आधीच पडला. डबा उडाला आणि फट् मागाहून झालं. "वारा सुटलाय वाटतं," दादा म्हणाला आणि डबा पुन्हा ठेवायला सांगून मोकळा झाला.

झाडलोट करणाऱ्या बाई पूर्वी मोरीच्या जाळीत छर्रे अडकतात म्हणून रोज कटकट करायच्या. हल्ली त्यांची तक्रार नव्हती. धाकट्याने फळीमागे जुनी चादर टांगली होती, हा तिचाच गुण, असं त्याने धरलं.

एका संध्याकाळी तो कामावरून लवकर परतला. येताना त्याने छर्ऱ्यांची दुसरी बाटली आणली होती. इतक्या दिवसांत पहिलीने तळ गाठला असणारच. दादा खुर्चीत डुलक्या घेत होता. उरलेसुरले छर्रे नव्या बाटलीत ओतावेत म्हणून धाकट्याने त्याच्या खुर्चीशेजारच्या कोनाड्यातून जुनी बाटली हळूच उचलली आणि झाकण फिरवलं.

झाकणाखालचं कागदी सील जसंच्या तसं होतं.