खालच्या कोपऱ्यातले चौकोन

"परत लाल आलं," भीमराज जोंधळे म्हणाले.

"येणारच, पप्पा. प्रोग्राम जुना आहे, आलेख काढणारी लायब्ररी नवी. जुन्या सूचना तिला कळत नाहीत." सम्यकने लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला.

रविवारची दुपार होती. घाटकोपरच्या त्या घरात जेवणाची ताटं तशीच पडली होती, कारण उद्या अकरा वाजता भीमराजांच्या अपिलाची शेवटची सुनावणी होती. साकीनाक्याचा त्यांचा बिजागऱ्यांचा गाळा, नंबर चौदा, तीन वर्षं सीलबंद होता. तपासणी कंपनीच्या अहवालात एक आलेख होता आणि त्यात चौदा नंबरातली धूळ मर्यादेच्या दुप्पट होती. तेवढ्या एका कागदावर सत्तावीस वर्षांचं काम बंद झालं. आलेख चुकीचा ठरला तर सील निघणार होतं. बरोबर ठरला तर गाळा कायमचा गेला.

"पितळेचा भुगा पायाशी पडतो, हवेत उडत नाही," हे भीमराजांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की ऐकणारे आता मध्येच घड्याळ बघायचे. शेजारी तेरा नंबरात एडवर्ड नळांना पॉलिश मारायचा. धूळ होती ती त्याची. पण नोटीस आल्या आल्या त्याने धूळ ओढणारं मशीन बसवलं आणि तो वाचला. भीमराजांनी बसवलं नाही. जी धूळ आपली नाही, तिच्यासाठी मशीन कशाला? 'एडवर्डने त्याची धूळ माझ्या नावावर चढवली,' असं ते भर गल्लीत ओरडले आणि वीस वर्षांची दोस्ती तिथेच संपली.

सील लागलं त्याच आठवड्यात सम्यक अंधेरीच्या ऑफिसात परमनंट झाला होता. त्याने आणलेले पेढे कुणी खाल्ले नाहीत.

आलेखांचं काम तपासणी कंपनीने बाहेरच्या कुठल्या तरी ऑफिसला दिलं होतं. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने दटावल्यावर कंपनीने मोजणीचे आकडे आणि प्रोग्राम पेन ड्राइव्हवर दिले, त्यालाही दोन वर्षं लागली. प्रोग्रामची ती पायथन भाषा म्हणजे काय हे भीमराजांना ठाऊक नव्हतं. पण घरात शिकलेला पोरगा होता. परक्याच्या पाया पडावं लागलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान!

"कुणी लिहिलाय रे हा?"

"काय माहीत. असेल कोणी नवशिका."

लाल अक्षरं गेली. आलेख उमटला. भीमराजांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधला जुना कागद शेजारी धरला. हुबेहूब तोच. मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन, तेही तसेच. वर मोठ्या चौकोनांची एक ओळ, बाजूला एक, आणि खालच्या कोपऱ्यात एक बारीकशी. तीन वर्षं रोज बघून त्यांना ते चौकोन पाठ झाले होते.

"हे काय आहे?"

"फॉन्ट नाही. लायब्ररीकडे आपली अक्षरं नसतात, मग ती चौकोन काढते. राहू दे, त्याने आकडे बदलत नाहीत."

आलेखात दोन रेघा होत्या. वरची भीमराजांच्या गाळ्याची आणि खालची बाहेरच्या हवेची, असं अधिकारी म्हणाला होता. सम्यक बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग त्याने मध्येच एक ओळ टाइप केली आणि प्रोग्राम चालवला. या वेळी एकच रेघ आली. खालची.

भीमराज ताडकन उठले. "वरची गेली!"

"बसा, पप्पा. आकडे अर्धेच आले." टाइप केलेली ओळ त्याने पुसली. पुन्हा दोन रेघा.

भीमराज बसले, पण डोक्यातून जाईना. "आमच्यात पत्र्यावर आधीच्या मापाची खूण पुसायची राहिली ना, की पुढची बिजागरी पण त्याच मापाची कापली जाते. तसं तर नाही झालं? तेराची रेघ चौदावर राहिली?"

सम्यकची बोटं थांबली.

"काँप्युटरमध्ये तसं होत नाही."

"नक्की?"

"नक्की. आलेख बरोबर आहे. धूळ तुमचीच होती, पप्पा. सोडून द्या ना आता. मी कमावतोय ना?"

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर भीमराजांनी त्याची गचांडी धरली असती. त्यांनी फक्त डोळे पुसले. मग फोन घेतला आणि तीन वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"एडवर्ड, भीमराज बोलतोय. चूक माझी होती यार. पोराने स्वतः तपासलं."

एडवर्ड म्हणाला, "तीन वर्षं लावलीस रे."

फोन ठेवून भीमराज म्हणाले, "अपील मागे घेतो उद्या. अर्जाला जोडायला एक कागद दे. आणि ते चौकोन काढ. काय कबूल केलं ते मला वाचता तरी येऊ दे."

सम्यकला इतकं हलकं वाटलं, की त्याने वाद घातला नाही. मराठी फॉन्टचं नाव एकदा वर लिहिलं की झालं, एका ओळीचं काम. आलेख उघडूनही न बघता त्याने पेन ड्राइव्हवर टाकला आणि चहा ठेवायला उठला.

खाली मिथुनच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट निघाली. कागद अजून गरम होता. भीमराजांनी चष्मा लावला. वर 'गाळा क्रमांक १४'. बाजूला 'हवेतील धूळ'. सगळे चौकोन भरले होते. सवयीने त्यांची नजर खालच्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीवर गेली.

'आलेख व प्रोग्राम : सम्यक भीमराज जोंधळे.'